गटांचं नातं चित्रात कसं बघावं: 'आर'मधला मोझेक आलेख

वय, पगार, पाऊस यांचा आलेख काढायला फार डोकं लागत नाही. पण 'स्त्री की पुरुष', 'विभाग कोणता', 'प्रवेश मिळाला की नाही' ही उत्तरं मोजपट्टीवर बसत नाहीत, त्यांचे गटच पडतात. अशा गटांसाठी 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमधला मोझेक आलेख वापरा. सरावाची माहिती 'आर'सोबतच येते: १९७३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी सहा सर्वांत मोठ्या विभागांकडे आलेले ४,५२६ अर्ज. तिचं नाव 'यूसीबीअॅडमिशन्स'. टाइप करताना 'यूसीबी' आणि 'अॅ' कॅपिटलमध्ये, नाहीतर 'आर' ओळख दाखवत नाही.

पहिली पायरी म्हणजे नुसतं नाव टाइप करून एंटर दाबा आणि सारणी डोळ्यांखालून घाला. हे टाळून थेट चित्राकडे धावलात, तर पुढे चित्र फसवेल.

आता 'मोझेकप्लॉट' हे फंक्शन. कंसात आधी टिल्डचं नागमोडी चिन्ह, मग 'जेंडर अधिक अॅडमिट', मग स्वल्पविराम देऊन माहितीचं नाव. दोन उभे पट्टे दिसतील; रुंदी अर्जांच्या संख्येनुसार, म्हणून पुरुषांचा पट्टा जाड. प्रत्येक पट्टा आडवा चिरलेला असतो: एक भाग प्रवेश मिळालेल्यांचा, दुसरा नाकारलेल्यांचा. पुरुषांना सुमारे ४५ टक्के प्रवेश, स्त्रियांना ३०. रंग भरणाऱ्या 'शेड' या पर्यायाला 'ट्रू' दिलंत तर स्त्रियांच्या मिळालेल्या प्रवेशांचा चौकोन गडद लाल होतो, म्हणजे स्त्री-पुरुष असण्याचा प्रवेशाशी संबंध नसता तर जेवढा दिसला असता, त्यापेक्षा बराच लहान. बघणारा म्हणणार, उघड उघड पक्षपात!

थांबा. विभाग अजून घातलाच नाही.

आता क्रम 'डेप्ट अधिक जेंडर अधिक अॅडमिट' असा ठेवा. ज्याचं उत्तर हवं तो चल (म्हणजे माहितीतली बदलणारी बाब, इथे प्रवेश) नेहमी शेवटी. शिवाय चिरांची दिशा ठरवणाऱ्या 'डिर' या पर्यायात 'व्ही, व्ही, एच' (उभी, उभी, आडवी) द्या. तो न दिल्यास 'आर' उभी-आडवी चीर आलटून पालटून देतं आणि तुलना डोळ्याला जमत नाही. माझे पहिले कितीतरी आलेख याच कारणाने गोधडीसारखे झाले होते.

आता 'ए' विभाग नीट बघा. पुरुषांचा पट्टा भलामोठा, ८२५ अर्जांचा. स्त्रियांची नुसती चिंधी, १०८ अर्ज. पण प्रवेशाची उंची बघा: पुरुष ६२ टक्के, स्त्रिया ८२! 'एफ'मध्ये दोघांनाही जेमतेम सहा-सात टक्के. 'सी' आणि 'ई'मध्ये पुरुष किंचित पुढे, बाकी चार विभागांत स्त्रिया. मग एकूण आकडा उलटा कसा? पट्ट्यांच्या रुंदीकडे बघा. निम्म्याहून अधिक पुरुषांनी सढळ प्रवेश देणाऱ्या 'ए' आणि 'बी'कडे अर्ज केले होते. स्त्रियांपैकी तिथे गेल्या फक्त सात टक्के.

तीन चलांच्या आलेखात 'शेड' मात्र जपून वापरा. तिथला रंग तिन्ही चल एकमेकांपासून स्वतंत्र असते तर काय दिसलं असतं, याच्याशी तुलना करतो. त्यामुळे विभागनिवड वेगळी असल्यानेही चौकोन रंगतो. चौथा चल घालायचा मोह झाला, तर सरळ दोन आलेख काढा.