उजनीच्या पाण्यासाठी मधल्या किमतीचा रॉड आणि रील कसे निवडावे

सोलापूरच्या आसपास गळ टाकायचा म्हटले की तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव, होटगीचा तलाव, अक्कलकोट तालुक्यातले बोरी नदीवरचे कुरनूर धरण आणि या सगळ्यांत मोठे म्हणजे उजनी, एवढी ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. बांबूची काठी आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, घेऊन काठावर बसणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि काठाजवळची चिलापी धरायला त्याहून अधिक काही लागतही नाही. मात्र काठापासून तीस-चाळीस मीटर आत गळ पोहोचवायचा असेल, किंवा कटल्यासारखा जोरकस मासा तंगूस न तुटता बाहेर काढायचा असेल, तर रॉड आणि रील घ्यावे लागते. ही खरेदी पहिलीच असेल असे धरून, रॉड, रील व तंगूस मिळून साडेचार ते सात हजार रुपयांत काय घ्यावे याचा विचार येथे केला आहे. हजार-बाराशे रुपयांत सर्व काही असलेले संच मिळतात, परंतु त्यांतले रील बहुधा एका हंगामात करकरू लागते. उलट पंधरा हजारांच्या पुढे जे पैसे मोजले जातात ते मुख्यतः हलकेपणासाठी आणि खाऱ्या पाण्यात गंज चढू नये म्हणून असतात. गोड्या पाण्यावर बसणाऱ्याने ते मोजण्याचे फारसे कारण नाही.

दुकानात जाण्यापूर्वी आपण कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या माशासाठी बसणार आहोत हे ठरवून घ्यावे. उजनीच्या यशवंतसागर जलाशयाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी असून त्यातील 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, म्हणजे उन्हाळ्यातही पाणी संपत नाही, पण ते काठापासून फार मागे सरकते आणि मध्ये गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये शेताच्या बांधावर बसून साडेसहा फुटी रॉडने जे काम होते, तेच मे महिन्यात आठ फुटी रॉडशिवाय होत नाही. दुसरी गोष्ट पाण्याच्या तळाची आहे. पाणी उतरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर बाहेर येते आणि ते पाहायला लोक जातात. धरण झाले तेव्हा जी गावे पाण्याखाली गेली त्यांच्या भिंती, बाभळीची खोडे आणि फाटक्या जाळ्यांचे तुकडे मात्र पाण्यातच असतात, आणि गळ नेमका तेथेच अडकतो. म्हणून या पाण्यासाठी निवडलेले साहित्य मासा ओढण्याइतकेच अडकलेला गळ सोडवण्याचाही ताण सहन करणारे हवे.

माशांच्या बाबतीत म्हणायचे तर चिलापी बहुधा पाव किलो ते एक किलोच्या दरम्यान मिळते आणि तिला हलका रॉडही पुरतो. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला राहते आणि गळ लागताच पुन्हा त्यातच घुसते, त्यामुळे तिला पहिल्या झटक्यातच वळवता येईल एवढा ताठ रॉड लागतो. कटला, रोहू आणि मृगळ यांची ताकद लांब धावेत असते, आणि शिवड्याचे दात तंगूस कापतात. वाम आणि शिंगटा यांच्यासाठी वेगळी खरेदी करण्याची गरज नाही. या सर्वांसाठी एकच संच घ्यायचा असेल, तर सात ते आठ फुटांचा मध्यम ताकदीचा, म्हणजे ज्यावर ‘मीडियम’ असे छापलेले असते तो रॉड आणि 3000 किंवा 4000 क्रमांकाचे रील घ्यावे. मरळीमागेच फिरणाऱ्याने ‘मीडियम हेवी’ रॉड घेतला तरी चालेल.

आता रीलकडे वळू. या किमतीत सर्वाधिक फसगत येथेच होते. रॉड चांगला निघाला की वर्षानुवर्षे टिकतो. रील मात्र दातेरी चाके, स्प्रिंग आणि चकत्या यांचे यंत्र आहे आणि त्यातला एक भाग हलका असला तरी बाकीच्यांची किंमत वाया जाते. पहिल्या खरेदीत स्पिनिंग रीलच घ्यावे, म्हणजे ज्याचे स्पूल (तंगूस गुंडाळलेले रीळ) फेकताना फिरत नाही ते. आडव्या स्पूलचे बेटकास्टिंग रील दिसायला देखणे असते, पण फेकताना अंगठ्याने स्पूल आवरता आले नाही तर तंगुसाचा असा गुंता होतो की तो कापूनच काढावा लागतो. रीलवरचा 1000, 2500, 4000 असा क्रमांक आकार दाखवतो, आणि तो बहुतेक कंपन्यांत सारख्याच अंदाजाने वापरला जातो. 5.2:1 असा आकडा असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात तंगूस गुंडाळणारा भाग 5.2 वेळा फिरतो. उजनीच्या कामाला याच्या आसपासचे प्रमाण योग्य आहे.

खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत बेअरिंगची संख्या छापलेली असते, आणि दुकानदारही तीच आधी सांगतो. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या बनावटीच्या तीन-चार बेअरिंगचे रील हलक्या बारा बेअरिंगच्या रीलपेक्षा अधिक सुरळीत चालते आणि अधिक काळ टिकते. शिमानो, दाइवा, ओकुमा अशा जुन्या कंपन्यांच्या खालच्या श्रेणीतील रीलवर बेअरिंगचा आकडा लहान असतो, आणि त्यामुळेच कित्येक ग्राहक ती बाजूला ठेवून चमकदार खोके उचलतात.

दुकानात रील हातात घेतल्यावर हँडल अगदी मंद गतीने फिरवावे, कारण वेगात फिरवले की दोष लपतात. मंद फिरवताना दाते अडखळल्याची बारीक खरखर बोटांना जाणवली तर ते रील परत ठेवावे. हँडल उलट दिशेला फिरवून पाहावे. ते जागेवरच थांबले पाहिजे, कारण तेथे बोटभर ढिलाई असेल तर गळ मारताना निम्मा जोर त्या ढिलाईतच जातो. नंतर तारेची कमान, जिला बेल म्हणतात, ती उघडून मिटावी आणि ती खटकन व पूर्ण मिटते का ते पाहावे. कमानीच्या टोकाला एक लहान चाक असते, ज्यावरून तंगूस वळतो. त्याखालून दोरा घालून ओढल्यावर ते चाक फिरलेच पाहिजे. ते अडकलेले असेल तर दोरा एकाच जागी घासत राहतो, आणि मग मोठा मासा नेमका काठाजवळ आल्यावर तुटून जातो.

यानंतर ड्रॅग तपासावा. ड्रॅग म्हणजे स्पूलला लावलेला ब्रेक असून, माशाने ठरावीक जोरापेक्षा अधिक ओढले की स्पूल फिरते आणि तंगूस सुटत राहतो. खोक्यावर कमाल ड्रॅग 8 किलो किंवा 10 किलो असा लिहिलेला असतो, पण एवढा जोर आपण कधी लावतच नाही. तंगुसाच्या सहनशक्तीच्या पाव ते एक-तृतीयांश एवढाच ड्रॅग ठेवायचा असतो, म्हणजे 6 किलोच्या तंगुसावर दीड ते दोन किलो. खरा प्रश्न तो ड्रॅग सुटताना एकसारखा सुटतो की धक्क्याधक्क्याने, हा आहे. याची परीक्षा घरी सहज करता येते. दोन लिटरची बाटली पाण्याने भरली की तिचे वजन दोन किलोच्या आसपास होते. रॉड जोडून तंगूस सर्व कड्यांतून ओवावा, टोकाला बाटली बांधावी, गच्चीच्या कठड्यावरून ती अलगद उचलावी आणि ड्रॅगची चकती हळूहळू सैल करत जावी. चांगल्या रीलवर बाटली एका लयीत खाली उतरते; वाईट रीलवर ती थांबते, एकदम वीतभर घसरते आणि पुन्हा थांबते. कटल्याने पहिली धाव घेतली की अशा प्रत्येक थांब्यावर तंगुसाला झटका बसतो. बाटली घसरतच नसेल आणि चकती जरा सैल करताच धाडकन पडत असेल, तर ड्रॅगमधील चकत्या निकृष्ट आहेत असे समजावे आणि बदलून मिळण्याची मुदत असेपर्यंत रील परत करावे.

रॉडमध्ये फायबरग्लास, कार्बन आणि दोन्हींचे मिश्रण असे तीन प्रकार येतात. निव्वळ फायबरग्लासचा रॉड जड असतो, पण दुचाकीवरून पडला तरी सहसा मोडत नाही. निव्वळ कार्बनचा रॉड हलका आणि संवेदनशील असतो, मासा आमिषाला नुसता तोंड लावून गेला तरी हाताला कळते. परंतु त्याला दगडाचा टोला बसला तर आत बारीक तडा जातो आणि तो पुढे कधीतरी भर ताणाखाली मोडतो. मधल्या किमतीत मिश्र रॉड घ्यावा, असे मी सुचवीन. रॉडच्या मुठीच्या वर तो किती ग्रॅम वजन फेकण्यासाठी आणि किती ताकदीच्या दोऱ्यासाठी बनवला आहे हे छापलेले असते. उजनीच्या काठावर बहुधा 20 ते 40 ग्रॅमचे शिसे लागते, तेव्हा 15 ते 40 ग्रॅमचा रॉड बरोबर ठरतो. ज्यावर काहीच छापलेले नाही असा रॉड घेऊ नये.

कड्यांच्या आत सिरॅमिकचे गुळगुळीत वलय असते आणि त्याला केसाएवढी चीर असली तरी तंगूस खरवडला जातो. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवावा; चीर असेल तेथे तंतू अडकून राहतात. सोलापुरात कापूस शोधत बसण्याचीही गरज नाही, घरातल्या टर्किश टॉवेलचा एक सुटलेला धागा हे काम तितकेच चोख करतो. मग रॉड डोळ्यासमोर सरळ धरून कड्या एका रेषेत आहेत का ते पाहावे आणि रील बसवण्याची जागा आवळल्यावर रील हलते का तेही पाहावे.

एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड एसटीने जाणाऱ्यांना मोह घालतो. त्याची सोय खरी आहे, पण भीमेच्या काठची बारीक वाळू त्याच्या सांध्यांत शिरते, सांधे घासून सैल होतात आणि फेकताना मधलाच एखादा तुकडा फिरून कड्यांची रेषा बिघडते. दोन तुकड्यांचा जोड असलेला रॉड कापडी पिशवीत घालून नेणे थोडे अडचणीचे होईल, तरी तोच घ्यावा.

तंगुसाबद्दल थोडक्यात सांगता येईल. साध्या नायलॉनचा 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीचा तंगूस घ्यावा. विणलेला ब्रेड दोरा त्याच जाडीत कितीतरी मजबूत असतो, पण तो ताणला जात नाही आणि दगडाच्या धारेवर लवकर कापला जातो. सोलापूरच्या उन्हात नायलॉन कमकुवत होतो, म्हणून तो दरवर्षी बदलावा आणि संचासोबत आधीच गुंडाळून आलेला तंगूस तर पहिल्याच दिवशी काढून टाकावा. शिवड्यासाठी गळाच्या वर वीतभर तारेचा तुकडा जोडावा.

पाच हजारांचा हिशेब करायचा झाल्यास सव्वादोन ते अडीच हजार रीलला, दीड ते पावणेदोन हजार रॉडला, चार-पाचशे तंगुसाला आणि उरलेले गळ, शिसे व फिरक्यांना (तंगुसाला पीळ पडू नये म्हणून लावायच्या फिरत्या जोडांना), अशी वाटणी मला योग्य वाटते. पैसे कमी पडत असतील तर रॉडमध्ये काटकसर करावी. ऑनलाइन मागवताना त्याच मॉडेलचा भाव इतरत्र काय आहे ते पाहावे. निम्म्या भावात मिळणारे नामांकित कंपनीचे रील बहुधा नक्कल असते. जादा स्पूल, हँडल आणि कमानीची स्प्रिंग वेगळी मिळते का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

उजनीच्या काठावर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी असतात आणि त्यांच्या वीजतारा कित्येक ठिकाणी काठालगत, कधी अगदी डोक्याजवळून गेलेल्या असतात. कार्बनमधून वीज वाहते. म्हणून रॉड जोडण्यापूर्वी वर पाहावे, तारांखाली उभे राहून कधीही फेकू नये, आणि मृगाच्या सुमारास ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे. धरणे व तलावांतील मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने किंवा परवान्याने दिलेले असतात, तेव्हा बसण्यापूर्वी तेथील मच्छीमारांना विचारून घ्यावे आणि त्यांच्या जाळ्यांच्या तरंगांपासून लांब गळ टाकावा.

घरी आल्यावर रील नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये, कारण त्या जोराने गाळ आणखी आत जातो. ओल्या फडक्याने पुसून ते सावलीत वाळवावे. ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चपट्या होतात आणि पुढच्या वेळी तीच बाटली धक्के घेत उतरू लागते. हंगामातून एकदा हँडलच्या सांध्याला आणि कमानीच्या चाकाला तेलाचा एकेक थेंब द्यावा. ड्रॅगच्या चकत्यांना मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रीसखेरीज काहीही लावू नये, आणि मे महिन्यात रॉड किंवा तंगूस बंद मोटारीत ठेवू नये.