शेवटच्यासाठी थांबणारा धावण्याचा गट कसा निवडावा आणि त्यात कसे रुळावे

धावण्याच्या गटात जावे असे अनेकांना वाटते. मात्र बहुतेकांचे पाऊल अडते ते ‘आपण सगळ्यांच्या मागे पडू आणि लोक बघतील’ या धास्तीपाशी. ही धास्ती निराधार नाही, कारण चाळिशीत प्रथमच धावू लागलेला माणूस पहिल्या दिवशी मागे पडतोच. म्हणूनच गट निवडताना त्यातील सर्वांत वेगवान धावपटू कोण आणि त्याने किती पदके मिळवली, ही चौकशी फारशी उपयोगाची नसते. सर्वांत शेवटी येणाऱ्याचे तेथे काय होते, हे पाहावे. गटाची पारख करण्यासाठी याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

ही पारख दुरून करता येते. पुण्यात तळजाई किंवा वेताळ टेकडी, मुंबईत शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह, कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात अंबाझरी अशा ठिकाणी पहाटे गेल्यास एखादा तरी गट सराव करताना दिसतो. नाव नोंदवण्यापूर्वी एका रविवारी, म्हणजे बहुतेक गटांच्या लांब पल्ल्याच्या सरावाच्या दिवशी, केवळ पाहण्यासाठी जावे आणि सराव संपेपर्यंत थांबावे. शेवटच्या माणसाबरोबर कोणी आहे का, तो येण्याआधीच शरीर सैलावण्याचे व्यायाम उरकले जातात का, आणि सामूहिक छायाचित्र त्याच्याशिवायच काढले जाते का, एवढ्या तीन गोष्टींवरून गटाचा स्वभाव बराचसा कळतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे काम सोपे आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ धावपटूंनिशी सुरू झालेला ‘पार्करन’ हा ५ किलोमीटरचा विनामूल्य उपक्रम आता तेथील असंख्य उद्यानांत दर शनिवारी सकाळी होतो. त्यात सर्वांच्या मागून चालत येण्यासाठी एक स्वयंसेवक नेमलेला असतो, त्यामुळे भाग घेणाऱ्या कोणालाही शेवटचा क्रमांक येतच नाही. ही व्यवस्था इतकी साधी आहे की आपल्याकडील कोणत्याही गटाला ती फुकटात उचलता येईल, आणि तुमच्या गटात ती नसेल तर तशी सूचना जरूर करावी.

प्रत्यक्ष बोलणी करताना शुल्क किती, प्रशिक्षक कोण, नवख्यांसाठी वेगळी तुकडी आहे का, एवढे विचारावे. स्त्रियांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात: अंधारात जमण्याची जागा उजेडाची आहे का, जवळ स्वच्छतागृह आहे का आणि गटात नियमित येणाऱ्या इतर स्त्रिया आहेत का. काही खुणा दिसल्या तर मात्र गट टाळावा. वजनावरून जाहीर थट्टा होत असेल, न येणाऱ्यांची नावे व्हॉट्सॲपवर लावून त्यांना खजील केले जात असेल, किंवा दुसऱ्याच आठवड्यात कोणी प्रथिनांच्या पावडरीचे डबे खपवू लागले, तर तेथे राहण्यात स्वारस्य नाही.

पहिल्या महिन्याची तयारी फार नसते. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि प्रशिक्षकांनाही सांगून ठेवावे. महागड्या घड्याळाची गरज नाही. पायाला नीट बसणारे बूट मात्र हवेत. एक मिनिट हळू धावणे आणि दीड मिनिट चालणे, असे आलटून पालटून सुमारे वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा केले तरी आरंभासाठी पुरेसे आहे. धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. तेथे सावकाश पोहोचले तरी चालते. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो. सांध्यात बोचणारी किंवा धावताना वाढत जाणारी कळ आली, तर मात्र त्या दिवशी थांबावे. आणि छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

आत्मविश्वास वाढतो तो कसा, हे समजून घेतले तर गटाचा उपयोग अधिक जाणतेपणाने करता येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडले की, ‘हे मला जमेल’ ही भावना चार वाटांनी येते: स्वतः केलेल्या कामातून, आपल्यासारख्या माणसाला ते जमताना पाहून, विश्वासू व्यक्तीच्या शब्दांतून आणि आपल्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेल्या अर्थातून. यांपैकी पहिली वाट सर्वांत भक्कम असते. म्हणून एक वही ठेवावी आणि तीत वेग न लिहिता, मागच्या महिन्यात न जमलेली पण आज जमलेली गोष्ट लिहावी: ‘यवतेश्वर घाटाचे पहिले वळण न थांबता चढले’ ही नोंद घड्याळातील आकड्यापेक्षा जास्त दिवस पुरते. दुसऱ्या वाटेसाठी गटातील सर्वांत चपळ तरुणाकडे पाहू नये. आपल्याच वयाची, आपल्याच सारखी नोकरी-घर सांभाळणारी आणि सहा महिने आधी आलेली व्यक्ती शोधून तिला सुरुवातीचे दिवस कसे गेले ते विचारावे. तिसरीसाठी प्रशिक्षकांकडे ‘छान’ या शब्दापेक्षा नेमके मत मागावे. चौथी वाट एकट्याने सापडणे अवघड असते, कारण धाप लागली की नवख्याला ते अपयशच वाटते. शेजारचा अनुभवी धावपटूही तसाच धापा टाकत हसतो आहे हे दिसले, की तीच धाप नेहमीची वाटू लागते.

जोडीदार निवडण्याबाबतही एक जुने निरीक्षण उपयोगी पडते. ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बर्लिनमधील नौकानयन करणाऱ्या खेळाडूंवर प्रयोग केले. जोडीने वजन उचलताना तुलनेने दुबळा खेळाडू एकट्यापेक्षा जास्त वेळ तग धरत असल्याचे त्याला दिसले, आणि दोघांच्या ताकदीत माफक अंतर असताना हा परिणाम सर्वाधिक होता. तेव्हा आपल्याहून किंचित पुढे असलेला सोबती निवडावा. फार पुढचा निवडला तर दोघांचाही सराव बिघडतो.

बुजऱ्या माणसांना धावण्यापेक्षा नंतरचा चहा कठीण जातो. तरीही निदान पहिले काही आठवडे टपरीपर्यंत जावे, कारण ओळखी तेथे होतात आणि पहाटे गजर बंद करण्यापूर्वी आठवण येते ती या ओळखींची. गप्पा जमत नसतील तर काम मागून घ्यावे: पाण्याच्या बाटल्या आणणे, मार्गावर खुणा करणे, नव्या सभासदाला जागा समजावून सांगणे. दोन-तीन महिन्यांनी शेवटच्या माणसाबरोबर राहण्याची जबाबदारी आपणहून मागावी. आपल्यावर कोणी विसंबून आहे ही जाणीव माणसाला जितकी ताठ उभी करते, तितके पदक करत नाही. (पदके पाहुण्यांना दाखवण्यापुरती उत्तम.) स्पर्धेचा अनुभव हवाच असेल तर मुंबई मॅरेथॉनमधील सुमारे ६ किलोमीटरची ‘ड्रीम रन’ चांगली, कारण तीत वेळेची स्पर्धा नसते, २१ किलोमीटरची घाई करू नये.

खंड तर पडणारच: मुलांच्या परीक्षा, पावसाळा, आजारपण, गणपतीचे दिवस. अशा वेळी गप्प राहून गटातून हळूच नाहीसे होण्याऐवजी ‘तीन आठवडे येणार नाही’ असा एका ओळीचा निरोप टाकावा, म्हणजे परत येताना स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. परतल्यावर पहिल्या आठवड्यात पूर्वीच्या निम्मेच अंतर ठेवावे, पुन्हा चालणे-धावणे आलटून पालटून करावे आणि प्रशिक्षकांनी जुन्या तुकडीत उभे केले तरी आपण होऊन नवख्यांच्या तुकडीत जावे.