मोरीचं पाणी गटारात सोडण्यापेक्षा कर्दळीचा वाफा करा

गावाकडं न्हाणीच्या मागं अळू नाहीतर कर्दळ असतेच, त्यामुळं ह्यात नवीन काही नाही, फक्त तेच जरा हिशोबानं केलं की पाणी बागेला वापरण्याइतकं साफ होतं. आंघोळ, कपडे, भांडी एवढंच पाणी हां, संडासचं अजिबात नको.

चार-पाच माणसांचं रोजचं 300 लिटर पाणी धरा. खड्डा 10 फूट लांब, 3 फूट रुंद, 2 फूट खोल. ह्यात 1700 लिटर मावतं पण खडी भरली की जागा उरते साधारण 40 टक्के, म्हणजे 680 लिटर, म्हणजे पाणी आत दोन दिवस रेंगाळतं आणि ते रेंगाळायलाच हवं. कारण खडीवर आणि मुळांवर जो बुळबुळीत थर धरतो त्यातले जीवाणू घाण खातात, कर्दळ नायट्रोजन-फॉस्फरस ओढून घेते. सगळं श्रेय मात्र फुलांना मिळतं!

तळाला शेततळ्याचा कागद (जाड प्लास्टिकचा), बाहेरच्या तोंडाकडं इंचभर उतार. दोन्ही टोकांना मुठीएवढे दगड, मधे खडी. वाळू नको, चोक होते. बाहेरच्या पाइपला एल्बो (काटकोनी जोड) लावा, तो वर-खाली फिरवून पाण्याची पातळी खडीच्या दोन इंच खाली ठेवायची, पाणी वर दिसलं की डास झालेच म्हणून समजा.

आता खरी मेख तेलाची. वाफ्याच्या आधी झाकणाची मोठी बादली बसवा, बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून टी (तीन तोंडांचा जोड) लावा आणि त्याचं खालचं तोंड पाण्यात बुडालेलं ठेवा, मग तवंग वरच अडकतो आणि खरकटं तळाला बसतं. दर आठवड्याला ते काढायचं. किळसवाणं काम आहे, पण कंटाळा केलात तर खडी जाम होते आणि अख्खा खड्डा उपसावा लागतो.

कर्दळीचे गड्डे पावसाच्या सुरुवातीला फूट-फूट अंतरावर लावा, मुळं धरेपर्यंत साबणाच्या पाण्यात साधं पाणी मिसळत राहा. फुलून गेलेले दांडे बुडापासून कापून बाहेर काढायचेच, तिथंच कुजले तर ओढलेलं सगळं परत पाण्यात. उजनी, पंचगंगेत जलपर्णीचं हेच होतं, ती घाण शोषते खरी पण काढली नाही तर तिथंच सडते, म्हणून घरी ती आणूच नका.

घरच्या पाण्यावरची कापलेली कर्दळ कंपोस्टला चालते. कारखान्याचं पाणी येत असेल तर हा वाफा पुरणार नाही, शिसं-कॅडमियम नाहीसं होत नाही, झाडात नाहीतर खडीत साठतं, तो पाला गुरांना नको आणि खतालाही नको, आधी पाणी लॅबला द्या.

बाहेर पडलेलं पाणी केळी, नारळ, फुलझाडांच्या बुंध्याशी सोडा. कोथिंबीर, मुळा असलं कच्चं खायचं असेल तिथं नको.