सत्राचे वार्तापत्र काढताना

प्राथमिक शाळेचे सत्राअखेरचे वार्तापत्र ज्यांच्या गळ्यात पडले आहे, त्यांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटाची छायाप्रत मागून घ्यावी आणि ती वेगळ्या फाइलला लावावी. मुखपृष्ठ कसे असावे, नाव काय द्यावे, शुभेच्छा कोणाच्या छापाव्यात, या चर्चा आपोआप होतात. त्यांची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. पटाची आठवण मात्र कोणालाच होत नाही. पटाच्या प्रतीवर प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखावेत: नाव छापले गेले का, चित्र किंवा लेखन आले का, छायाचित्र आले का. सत्र पुढे सरकेल तसतशा त्यात खुणा करत जावे. तिन्ही रकाने भरले पाहिजेत असे नाही, पण एकही आडवी ओळ पूर्ण कोरी राहता कामा नये. वर्गाचे समूहछायाचित्र या हिशेबात धरू नये, कारण मागच्या रांगेतून डोकावणारा अर्धा चेहरा ही कोणाचीही दखल होत नाही.

संमतीचे काम त्याच आठवड्यात उरकावे. पालकांकडून लेखी संमती घ्यावी आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: छापील अंकात छायाचित्र चालेल का, तेच संकेतस्थळावर किंवा पालकांच्या गटावर टाकलेले चालेल का, आणि छायाचित्राखाली नाव दिलेले चालेल का. अनेक पालकांची पहिल्या गोष्टीला हरकत नसते, पण दुसरीला असते, आणि एकच चौकट छापली की हा फरक कळण्याचा मार्ग उरत नाही. कागद परत आला नाही तर संमती नाही असेच समजावे. नकार पटाच्या प्रतीवरच लाल शाईने नोंदवावा. वेगळ्या वहीत नोंदवला तर ऐन मांडणीच्या वेळी ती वही सापडत नाही. ज्या मुलाचे छायाचित्र छापायचे नाही, त्याचा चेहरा संगणकावर धूसर करून तेच छायाचित्र वापरण्याची युक्ती कोणी ना कोणी सुचवतेच. ती मान्य करू नये, कारण धूसर केलेल्या चेहऱ्याकडेच सर्वांची नजर आधी जाते. त्याऐवजी त्या मुलाचे चित्र, त्याने केलेली नोंद किंवा बी पेरणारे त्याचे हात घ्यावेत. लाल खूण केलेली मुलेच अंकातून सर्वांत सहज निसटतात. छायाचित्र नाही म्हणून मथळा नाही आणि मथळा नाही म्हणून नावही नाही, अशी ती साखळी असते. म्हणून लाल खूण दिसली की त्या नावापुढचा मधला रकाना आधी भरावा.

बातम्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. स्पर्धा, सहल, क्रीडादिन, पालकसभा यांना दोन-दोन ओळी पुरतात. पाहुण्यांच्या भाषणाचा सारांश कोणीही वाचत नाही, तो देऊ नये. मुख्याध्यापकांचे मनोगत 150 शब्दांत हवे असे सत्राच्या मध्यावरच लेखी कळवावे. ते उशिरा आणि 400 शब्दांचे येईल हे गृहीत धरून पान आखावे.

खरी मेहनत शिकण्याच्या उपक्रमांवर करावी, कारण पालकांना घरबसल्या कळत नाही ते हेच, आणि शाळांच्या अंकांत सर्वांत वाईट लिहिले जाते तेही हेच. 'विद्यार्थ्यांनी उपक्रमात उत्साहाने सहभाग घेतला' हे वाक्य ज्या मजकुरात असेल तो परत पाठवावा. उपक्रमाची नोंद त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी घ्यावी आणि तीत एवढे असावे: तारीख, वर्ग, प्रश्न काय होता, मुलांचा अंदाज काय होता, प्रत्यक्षात काय झाले, आणि कोण काय म्हणाले. शेवटची बाब दुसऱ्या दिवशी आठवत नाही. आठवले तरी मुलाचे वाक्य आपल्या भाषेत आठवते आणि मग सात वर्षांचे मूल 'निरीक्षणांती असे आढळले' असे बोलू लागते.

उदाहरणार्थ, ओल्या कापसावर बी रुजवण्याचा उपक्रम जवळपास प्रत्येक शाळेत होतो आणि जवळपास प्रत्येक अंकात त्याचे एक हिरवेगार छायाचित्र येते, ज्यातून काहीही कळत नाही. राजमा आणि वाटाणा दोन शेजारच्या पेल्यांत मातीत, काचेला लावून पेरले, तर सांगण्यासारखे पुष्कळ मिळते. दोन्हींत आधी मूळ फुटते, मग कोंब. राजम्याच्या बियांच्या दोन्ही डाळिंब्या कोंबाबरोबर मातीच्या वर येतात, वाटाण्याच्या मात्र मातीखालीच राहतात, आणि हा फरक मुले न सांगता टिपतात. बी उलटे पेरले तरी मूळ वळून खालीच जाते. मूळ वर येईल अशी पैज लावणारी मुले वर्गात असतातच, आणि त्यांचा हरलेला अंदाज बरोबर आलेल्या अंदाजाइतकाच छापण्याजोगा असतो. मात्र रोजची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असावी आणि छायाचित्रात पेल्याशेजारी तारखेची चिठ्ठी ठेवलेली असावी. चिठ्ठी नसेल तर सत्राअखेरीस हाती एकसारखे दिसणारे पेले येतात आणि कोणता कोणाचा यावर वर्गात भांडणे होतात. बी कोणी पेरले, पाणी कोणी घातले, उंची कोणी मोजली, ही नावे तिथल्या तिथे लिहून पटावर उतरवावीत.

आकड्यांचे उपक्रम छापताना मजकूर एकदा शास्त्राच्या दृष्टीने तपासून घ्यावा. काठीच्या सावलीचा प्रयोग असेल तर 'दुपारी बरोबर 12 वाजता सावली सर्वांत लहान होती' हे वाक्य हमखास येते आणि ते बहुधा मोजून लिहिलेले नसते. सावली सर्वांत लहान होते ती सूर्य माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आला की. घड्याळातले 12 आणि तो क्षण यांचा मेळ क्वचितच बसतो, कारण घड्याळ संपूर्ण प्रदेशाला एकच असते आणि सूर्य प्रत्येक गावावर आपापल्या वेळी येतो. मुलांच्या वहीत 12 वाजून काही मिनिटांनी सावली आणखी आखूड झाल्याची नोंद असेल तर ती चूक समजून खोडली जाण्याची शक्यता फार असते. तीच नोंद बातमीचा गाभा आहे. पर्जन्यमापकाचेही तसेच. बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा करून नरसाळे म्हणून बसवतात, तेव्हा तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे असले पाहिजे. तोंड रुंद असेल तर पाऊस फुगवून दिसतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूड खाचाखोचांचे असते, म्हणून आधी थोडे पाणी ओतून तिथून शून्याची खूण करावी लागते. हे केले होते का, ते त्या वर्गशिक्षकांना विचारावे. मिलिमीटर या एककाचा अर्थही एका वाक्यात द्यावा: 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. एवढे वाक्य वाचून पालक घरी मुलाला काही विचारू शकतात.

आता पुन्हा पट. सत्राच्या मध्यावर, म्हणजे निम्मा मजकूर हाती आल्यावर, फाइल उघडून कोऱ्या ओळी मोजाव्यात. त्या नेहमी ठरावीक प्रकारच्या मुलांच्या असतात. हात वर न करणारी मुले, उपक्रमाच्या दिवशी आजारी असलेली मुले, सत्र सुरू झाल्यावर दाखल झालेली मुले. यांपैकी शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांची नावे पटात सर्वांत शेवटी चढवलेली असतात आणि पहिल्या आठवड्यात काढलेल्या प्रतीत ती नसतातच. म्हणून मध्यावर पटाची प्रत नव्याने काढून आधीच्या खुणा तीवर उतरवून घ्याव्यात. उलट बाजूला, धीट आणि बोलकी मुले छायाचित्रात आपोआप पुढे येतात, निकालात त्यांची नावे असतात, परिपाठात त्यांनी बातम्या वाचलेल्या असतात, आणि एकाच मुलाचे नाव पाच पानांवर झळकते. यात त्या मुलांचा दोष नाही आणि त्यांची नावे कापूही नयेत. कोऱ्या ओळीतल्या मुलाकडे जाऊन मात्र एक प्रश्न विचारावा, त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि ते त्या उपक्रमाच्या बातमीत घालावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते सत्र चालू असतानाच होते. सुट्टी लागली की होत नाही. मागच्या अंकात ते झाले नव्हते. अंक देखणा निघाला, सर्वांनी वाखाणला, आणि दुसरीतली एक मुलगी पानांवरून बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेली, मग पुन्हा पहिल्यापासून पाहू लागली. तिच्या नावाची ओळ कोरी होती आणि ते पाहायला पटाची प्रतच काढलेली नव्हती.

मुलांचे लेखन तपासताना दोन नियम ठेवावेत. हस्ताक्षर जसेच्या तसे छापायचे असेल तर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. टंकलिखित करायचे असेल तर शुद्धलेखन सुधारावे, पण वाक्यरचना बदलू नये. कविता लिहून आणणाऱ्या मुलाला ती स्वतः रचली का, हे हळुवारपणे विचारावे. चित्रे बिनरेघी कागदावर घ्यावीत, नाव आणि इयत्ता मागे पेन्सिलीने लिहून घ्यावी. तेलकट खडूंची चित्रे एकावर एक ठेवली तर रंग एकमेकांना लागतात, म्हणून मध्ये कोरा कागद घालावा. फिकट पेन्सिलीची चित्रे छपाईत उमटत नाहीत. त्या मुलाकडूनच रेषा गडद करून घ्याव्यात, आपण गिरवू नयेत.

छायाचित्रे संदेशांच्या ॲपवरून नुसती पाठवली तर ती लहान होऊन येतात आणि छापल्यावर अस्पष्ट दिसतात. ती दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगावीत किंवा थेट फोनमधून उतरवून घ्यावीत. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला 300 बिंदू धरतात, म्हणजे 10 सेंटीमीटर रुंद छापायचे असेल तर छायाचित्राची रुंदी सुमारे 1200 पिक्सेल हवी. मथळे डावीकडून उजवीकडे, त्याच दिवशी लिहिलेले. नावे पटात जशी आहेत तशीच. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले असतील तर आडनावासह. मजकूर सर्वांकडून युनिकोडमध्येच मागवावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित करताना रफार उडतो, जोडाक्षरे फुटतात आणि ती शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

पानांची संख्या 4 च्या पटीत ठेवावी, कारण मध्ये दुमडलेल्या प्रत्येक कागदाची चार पाने होतात. 13 पाने झाली तर तीन भरायची किंवा एक कापायचे, आणि घाईत कापले जाते ते बहुधा लहान वर्गांचेच पान. मांडणी करताना अर्धे पान मुद्दाम रिकामे ठेवावे आणि ते कोणालाही, लांबलेल्या मनोगतालाही, देऊ नये. ते पटासाठी आहे. शेवटच्या फेरीत एखादी कोरी ओळ सापडली तर ते मूल तिथे येते. एकही सापडली नाही तर तिथे एक मोठे चित्र जाते.

मुद्रितशोधन मजकूर न लिहिलेल्या व्यक्तीकडून करून घ्यावे. तारीख आणि वार जुळतात का ते दिनदर्शिका समोर ठेवून पाहावे. कोणाचा फोन क्रमांक, पत्ता, जन्मतारीख चुकून राहिली असेल तर काढावी. लाल खुणांची छायाचित्रे पुन्हा तपासावीत, पार्श्वभूमीत उभी असलेली मुलेही. त्यानंतर पट: एकाने नाव वाचावे, दुसऱ्याने छापण्यासाठी तयार झालेल्या पानावर त्यावर बोट ठेवून पान क्रमांक सांगावा. 'आहे, मी पाहिले आहे' हे उत्तर चालणार नाही. पान क्रमांक हवा. सर्व वर्गांचे असे वाचन कंटाळवाणे होते, तरी ते चहा घेऊन करावे, पण वगळू नये.

छापखान्याला फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी, एक नमुना प्रत आधी मागवावी, रंग आणि पानांचा क्रम पाहावा, मगच होकार द्यावा. प्रती पटसंख्येपेक्षा थोड्या जास्त काढाव्यात. संकेतस्थळावर जाणारी आवृत्ती वेगळी करावी, कारण दुसऱ्या चौकटीत नकार दिलेले पालक आहेत. वाटप वर्गातच. गैरहजर मुलांच्या प्रती नाव घालून वर्गशिक्षकांच्या कपाटात ठेवाव्यात, सत्राच्या मध्येच शाळा सोडून गेलेल्यांच्या पोस्टाने पाठवाव्यात. स्कॅनसाठी घेतलेली मूळ चित्रे परत करावीत; ती कार्यालयात पडून राहतात आणि मुले मागत राहतात.