जोडीदार गेलेल्या गिनी पिगला सांभाळताना या चुका टाळा

मे महिन्यात परभणीत भर दुपारी लाइट गेली आणि दोन तासांनी आली. तेवढ्या वेळात आमची चिमी गेली. वर पत्रे, कूलर बंद, खोलीचं दार लावलेलं. गिनी पिगला २६-२७ अंशांच्या पुढं उष्णतेचा त्रास सुरू होतो, आणि त्या दिवशी बाहेर पारा ४२ च्या वर होता. तिच्याबरोबरची टिकली कोपऱ्यातल्या उघड्या शहाबादी फरशीवर पोट टेकून पडली होती, बहुधा त्यामुळेच वाचली.

पुढच्या आठवड्यात टिकलीसाठी मी जे जे केलं, त्यातलं निम्मं चुकलं. तेच इथं सांगते आहे.

त्या दिवसांत गावाकडून काका आले होते. पिंजऱ्यापाशी बसून म्हणाले, "काय करायली ही? खाईना का?"

"जोडीची गेली, काका."

"मग तसंच असतंय माय. जोडीचा बैल गेला की दुसरा दावणीला मान खाली घालून उभा राहतो. कडबा पुढं टाकला तरी हुंगत नाही. त्याला तसंच सोडू नये, हातानं चारावं लागतं."

काकांनी गिनी पिग पहिल्यांदाच पाहिला होता. तरी त्यांना जे कळलं, ते मला दोन दिवस कळलं नव्हतं. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, कळपात राहणारा. खाणं, झोपणं, घाबरून लपणं, सगळं सोबतीनं. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनी पिग एकटा पाळायला कायद्यानंच मनाई आहे.

"दुःख आहे, खाईल हळूहळू" म्हणून थांबणं

सगळ्यात घातक चूक हीच, आणि मी ती केली. टिकली कोपऱ्यात बसून होती, कोथिंबीर पुढं ठेवली तरी नाक फिरवत होती. फ्रिज उघडला की जी कुईकुई व्हायची, ती बंद. मला वाटलं, तिला तिचा वेळ द्यावा. माणसाच्या घरात सुतकात जेवण जात नाही, तसंच असेल.

माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर अशक्त होतो. गिनी पिगचं आतडं मात्र सतत काहीतरी आत येत राहिलं तरच चालतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, पोट दुखतं म्हणून खाणं आणखी कमी होतं, आणि एका दिवसात जिवावर बेततं. त्यातच दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावल्यानंच ते झिजतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. त्यावर डबा ठेवायचा, आकडा शून्य करायचा, डब्यात तिला ठेवायचं. रोज एकाच वेळी, आणि आकडा लिहून ठेवायचा. मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. दोन-तीन दिवसांत ५०-६० ग्रॅम उतरलं तर डॉक्टरकडं जायची वेळ झाली. टिकली ८६० वरून ७९० वर आली होती आणि मी तोवर काटा काढलाच नव्हता. आधीचा आकडा वहीत होता म्हणून कळलं तरी.

दुसरी गोष्ट, लेंड्या. ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. लेंड्या कमी झाल्या, बारीक झाल्या, वाटीभर असायच्या तिथं चार-पाच दिसल्या, की पोटात काही जात नाही असं समजा. पुढं ठेवलेला चारा हलला म्हणजे खाल्ला असं नसतं. कित्येकदा तो नुसता तुडवलेला असतो.

बारा तास काहीच खाल्लं नाही तर वाट पाहू नका, डॉक्टरला दाखवा. तोवर आणि त्यानंतरही हातानं चारावं लागतं. गिनी पिगच्या पेलेट्स, म्हणजे त्यांच्या खाद्याच्या तयार गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशीसारख्या करायच्या. सुई काढलेल्या सिरिंजनं, समोरच्या दातांच्या मागं गालाच्या बाजूनं, एका वेळी अर्धा-एक मिली. ती चावून गिळते की नाही ते बघूनच पुढचा घास. घाई करून घशात सोडलं तर फुप्फुसात जातं. तिला मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळून, सरळ बसवून धरायचं, पाठीवर कधीच पाडायचं नाही. दोन-तीन तासांनी पुन्हा, रात्रीसुद्धा. आम्ही घरात पाळ्या लावल्या होत्या.

आजाराला दुःख समजणं

अंग फुगवून बसणं, डोळे अर्धे मिटलेले, हालचाल नाही, खाणं नाही. दुःखात हे सगळं दिसतं आणि आजारातही हेच दिसतं. गिनी पिग शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं तो शेवटपर्यंत लपवतो. जोडीदार ज्या कारणानं गेला तेच कारण उरलेल्याच्या अंगात असण्याची शक्यता पहिल्याच दिवशी तपासा. श्वासाचा संसर्ग असेल तर तो दोघांना झालेला असू शकतो. नाकातून पाणी, डोळ्यांत चिकटा, श्वास घेताना खरखर, हे दिसलं तर शोक बाजूला ठेवा. खरूज असेल तर केस जातात, अंग सतत खाजवलं जातं.

आमच्यासारखं उन्हानं गेलं असेल तर उरलेल्याला तेच ऊन उद्याही लागणार आहे. पत्र्याखालची खोली सोडा. जुन्या माळवदाच्या घरात असाल तर नशीबवान आहात, तिथं आत गारवा टिकतो. नसेल तर शहाबादी फरशीचा तुकडा पिंजऱ्यात टाका, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून सुती फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, खिडकीला ओलं गोणपाट लावा. जोरात धापा टाकते, लाळ गळते, आडवी पडली आहे, असं दिसलं तर कान आणि पाय साध्या पाण्याच्या ओल्या कपड्यानं पुसत तिला दवाखान्यात न्या. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

दवाखान्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्याकडं बहुतेक पशुवैद्यांचा हात गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांवर बसलेला असतो. आधी फोन करून गिनी पिग बघतात का ते विचारा. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळ कुणी मिळालं नाही तर तिथं विचारता येतं. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी कुटून मात्र देऊ नका. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून टाकतं आणि त्यातच प्राणी जातो. औषध लिहून मिळालं तरी हे औषध गिनी पिगला चालतं ना, हे विचारायला संकोच करू नका.

भाकरी, लसूणघास आणि लाड

खात नाही म्हटल्यावर घरातला प्रत्येक जण काहीतरी पुढं करतो. कुणी भाकरीचा कुटका, कुणी बिस्कीट, कुणी केळं. पिठूळ आणि गोड पदार्थांनी आधीच मंदावलेलं आतडं आणखी बिघडतं. चारा म्हणून वाळलेलं बारीक गवत हवं, तेही भरपूर. आपल्याकडचं मारवेल चांगलं, हराळीही चालते, मात्र रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बांधावरची नको. ज्वारीचा कडबा जाड पडतो, आणि कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. तिनं जनावराला विषबाधा होते हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. लसूणघासात कॅल्शियम जास्त, मोठ्या गिनी पिगला रोज दिला तर मूतखड्याचा धोका. आजारातून उठताना चार काड्या ठीक.

माणसासारखंच गिनी पिगचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवत नाही. खाणं कमी झालं की पहिला तुटवडा याचाच. ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर, पेरूचा छोटा तुकडा द्या. पाण्यात थेंब टाकण्यात अर्थ नाही, ते लवकर निकामी होतं आणि चव बदलल्यानं पाणी पिणंही घटतं.

मेलेली सोबतीण लगेच उचलून नेणं, आणि पिंजरा फिनाईलनं धुणं

या दोन चुका एकाच घाईतून होतात. घरात लहान मुलं असतात, चिमी दिसू नये म्हणून मी तिला लगेच कपड्यात गुंडाळलं. टिकली मग दोन दिवस तिचं लपायचं घर हुंगत फिरत होती, हाका मारत होती. संसर्गानं मृत्यू झालेला नसेल तर देह थोडा वेळ उरलेल्याजवळ राहू द्यावा. कुणी हुंगून बाजूला होतो, कुणी चाटतो, कुणी अंगाला टेकून बसतो. त्याचं त्याला कळलं की तो सहसा स्वतःच दूर होतो. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडं शोधाशोध कमी झाल्याचं मी ऐकलं आहे, आणि करून नुकसान काहीच नाही. पुरताना खड्डा खोल घ्या, वर दगड ठेवा, कुत्री उकरतात.

पिंजऱ्याचंही तसंच. या प्राण्याचं जग वासावर चालतं. ओली झालेली बिछायत बदला, पण सोबतिणीचं लपायचं घर, तिचं फडकं आठवडाभर तसंच राहू द्या. संसर्ग असेल तेव्हा मात्र सगळं काढून, धुऊन, उन्हात वाळवायलाच हवं. फिनाईल दोन्ही वेळा नको, त्याचा उग्र वास या नाजूक फुप्फुसांना सोसत नाही. साबणाचं पाणी नाहीतर पाण्यात घातलेलं व्हिनेगर पुरतं.

पिंजऱ्याची जागा बदलू नका. "करमत नसेल" म्हणून शेजारपाजारच्या मुलांच्या हातात देऊ नका. तुम्ही मात्र रोज त्याच वेळी तिथं जाऊन बसा, हळू बोला, हातात चारा धरा.

आरसा, टेडी आणि ससा

आरशात हलणारं काहीतरी दिसतं, वास येत नाही, उत्तर मिळत नाही. मऊ खेळण्याला टेकून झोपायला काही जणांना आवडतं, तेवढाच उपयोग. ससा आणू नका. त्याच्या एका लाथेनं गिनी पिगची हाडं मोडू शकतात, आणि सशाच्या अंगात त्रास न देता राहणारे श्वासाच्या आजाराचे जंतू गिनी पिगला न्युमोनिया करतात.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठणं

सोबत लागते हे खरं, म्हणून घाई झाली. आठव्या दिवशी मी एका दुकानातून "मादी" आणली. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, कारण नवा प्राणी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, त्याचा आजार जुन्याला लागू नये, एवढं मला माहीत होतं. त्यानंच आम्ही वाचलो. तपासणीत डॉक्टर म्हणाले, हा नर आहे.

सरळ टिकलीजवळ सोडला असता तर? मादीनं सहा-आठ महिन्यांच्या आत एकदाही पिलं दिलेली नसतील तर तिच्या कमरेच्या हाडाचा सांधा पक्का होतो, आणि त्यानंतरचं पहिलं बाळंतपण जीवघेणं ठरू शकतं. टिकली तेव्हा तीन वर्षांची होती. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, लिंग डॉक्टरकडून तपासून घ्या. नसबंदी केलेला नर आणि मादी ही जोडी छान जमते, पण शस्त्रक्रिया अनुभवी हातानंच हवी आणि त्यानंतरही चार ते सहा आठवडे नर वेगळाच ठेवावा लागतो. आमच्याकडचा नर पुढं परभणीतच एका घरी गेला, तिथं त्याच्यासारखाच एकटा राहिलेला नर होता.

किती दिवस थांबावं याचा ठरलेला आकडा नाही. उरलेली खाऊ लागली, वजन स्थिर झालं, तिला आजार नाही हे कळलं, की शोध सुरू करावा. उन्हाळ्यात प्रवास करवू नका. महिनोन् महिने लांबवणंही बरं नाही, कारण तेवढा काळ ती एकटी असते.

नव्याला जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणं

पिंजरा जुनीच्या वासाचा, म्हणजे तिचं राज्य. भेट दोघींना अनोळखी जागेत घडवा. आम्ही मधल्या खोलीत जुनी चादर अंथरली, मधोमध गवताचा ढीग, पाण्याची भांडी दोन, लपायची खोकी दोन, प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे आत कुणी कोंडीत सापडत नाही.

मग खरी परीक्षा आपली असते. एकमेकींच्या मागं पळणं, अंगावर चढणं, ढुंगण हलवत घुरघुरणं, थोडं दात वाजवणं, यात मधे पडायचं नाही. वर कोण ते त्या ठरवत असतात. दर वेळी उचलून वेगळं केलं की भांडण अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतं. दोघी समोरासमोर ताठ उभ्या, मान वर, दात जोरात करकरताहेत, अंगावर झेप घेताहेत, तर टॉवेल मधे टाका. रक्त निघालं तर थांबवा. हात घालू नका, चावा खोल बसतो. अशा जोडीला जाळीच्या दोन बाजूंना ठेवा. सहवास नाही मिळाला तरी वास आणि आवाज मिळतात, त्यानंही एकटीपेक्षा बरं जातं.

टिकलीसाठी शेवटी लातूरच्या एका घरातली मादी मिळाली. तिचीही जोडीदारीण गेली होती आणि त्या घराला पुन्हा नवा प्राणी आणायचा नव्हता. हा प्रश्न सगळ्यांनाच येतो: एक गेली की दुसरी आणायची, मग तिची जोडीदारीण म्हातारी होऊन जाणार, पुन्हा एक उरणार. गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतात, त्यामुळं हे चक्र लवकर फिरतं. स्वित्झर्लंडमध्ये अशा घरांसाठी काही जण सोबतीला गिनी पिग उसना देतात. आपल्याकडं तशी सोय नसली तरी दोन एकट्या घरांनी एकमेकांना शोधणं जमतं. ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, त्यांच्याकडं असं कुणीतरी आलेलं असतं.

लातूरची मादी पहाटेच्या बसनं ऑगस्टात आली. तीन आठवडे वेगळी राहिली, मग चादरीवर भेट झाली. पहिल्या दिवशी टिकलीनं तिला दोनदा पळवलं. चौथ्या दिवशी सकाळी मी कोथिंबीर निवडायला बसले तर आतून कुईकुई आली, दोन आवाजांत.