ओरडणाऱ्याला सोडून पुढे जाताना

ट्रायाज म्हणजे मोठ्या अपघातात कोणावर आधी उपचार करायचे ते ठरवणं. त्याच्या पहिल्याच सिम्युलेशनमध्ये (लुटुपुटीच्या सरावात) माझा एक पेशंट 'गेला'. हॉलभर खोट्या रक्ताने माखलेली माणसं, स्पीकरवर सायरन, आणि मी अडकले पाय मोडलेल्या माणसापाशी. का, तर तो सगळ्यात जोरात ओरडत होता. भिंतीला टेकून गप्प बसलेल्याकडे पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर लिहिलं होतं: श्वास मिनिटाला 36.

जखमींची रंगीत टॅगने पटकन वर्गवारी करायची स्टार्ट पद्धत मला तोंडपाठ होती. चालू शकणाऱ्यांना आधी हाक मारून बाजूला घ्यायचं, ते हिरवे. उरलेल्यांत श्वास 30 च्या वर, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यांतलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे सगळ्यात आधी उपचार. माणशी एक मिनिटसुद्धा नाही. ओरडणारा यात बसतच नव्हता, तो पिवळा, म्हणजे थोडा थांबू शकणारा. पण पाठांतर डोक्यात असतं आणि पाय आवाजाकडे वळतात. सिम्युलेशन हवं ते या पायांसाठी.

काळा टॅग, म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला, त्याहून अवघड. रोजच्या कॅज्युल्टीत श्वास थांबलेला पेशंट सगळ्यात आधी, सगळी टीम त्याच्याभोवती. इथे श्वासमार्ग मोकळा करूनही मोठा माणूस श्वास घेत नसेल, तर टॅग लावून पुढे. माझे हात आपोआप छातीवर गेले होते. (लहान मुलांचा नियम वेगळा: नाडी लागत असेल तर आधी 5 श्वास द्यायचे. हे बरेचजण विसरतात, मीही विसरले.) रक्तस्राव मात्र दाबायचा, तेवढ्यासाठी थांबायला परवानगी आहे.

नवीन असाल तर आकडे मोठ्याने बोला: "श्वास 24, नाडी आहे, सांगितल्यावर बोट दाबतोय, पिवळा." चूक कुठे झाली ते डीब्रीफिंगमध्ये (सरावानंतरच्या चर्चेत) लगेच सापडतं. आणि तिथे सफाई देत बसू नका. मी दहा मिनिटं 'मॅनिकिनला (सरावाच्या पुतळ्याला) खरा माणूस कसं मानणार' यावर वाद घातला. ज्यांच्यापाशी मी अडकले ते तर जिवंत स्वयंसेवक होते!

दुसऱ्या फेरीत सगळे टॅग लावून झाल्यावर मी हिरव्यांकडे परत गेले. पोटाला मार लागलेली, स्वतः चालत आलेली बाई आता खाली बसली होती. श्वास मोजले, 34. हिरवा टॅग काढून लाल लावला.