आरतीचे फोटो हलतात, काळपट येतात: माझा अनुभव

कोकणातलं माजघर, समई आणि एकच एलईडी. चेहरे काळपट, टाळ वाजवणारे हात पुसट. फ्लॅश लावला तर चेहरे पांढरेफटक, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० केला तर फोटोत दाणेच दाणे. फार वैताग आला होता.

कॅमेरा घेताना मेगापिक्सेल सोडा, सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) बघा. छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची असतो. त्याच्या चौपट क्षेत्रफळाचा १ इंची आणि एफ/१.८ लेन्स हवी (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त). सोनी आरएक्स१०० मार्क ३ किंवा कॅनन जी७ एक्स मार्क २ घ्या.

मग फ्लॅश बंद. शटर प्रायॉरिटी (शटरचा वेळ आपण ठरवायचा तो मोड) १/१०० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मग ती लुकलुक फोटोत उतरत नाही. ऑटो आयएसओची कमाल ३२००. झूम अजिबात नको: झूमच्या टोकाला लेन्स एफ/२.८ होते, उजेड निम्म्याहून कमी. त्यापेक्षा पुढे सरका, आणि टाळ एकमेकांना भिडतात त्या क्षणी बटण दाबा.